पुढचं वचन

पाकीट पिवळं होतं, लग्नात आहेराला देतात त्याच आकाराचं. नागपूरच्या सदरमधल्या एका घरी शुक्रवारची प्रार्थनासभा आटोपली होती, चहाचे कप गोळा होत होते, आणि एक मुलगा ते पाकीट प्रत्येकाच्या गीतपुस्तकात सरकवत चालला होता. वर छापलेलं होतं नाव, मोबाईल नंबर, प्रार्थनेचा विषय. त्याखाली ‘विश्वासाचं बी, रुपये’ आणि पुढे कोरी रेघ. अगदी तळाशी बारीक अक्षरांत बायबलमधल्या वचनाचा संदर्भ, मलाखी 3:10. घरातल्या थोरल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून पाकीट डोळ्यांजवळ नेलं आणि विचारलं, “काऊन रे बाबू, विषय लिहिला अन् रक्कम नाही लिहिली, तं प्रार्थना होत नाही का?” मुलगा हसला. “होते न काकू, पण बी टाकल्याबिगर पीक कसं येईन?” सगळेच हसले. काकूंनी शंभराची नोट आत घातली, विषयाच्या रेघेवर नातीचं नाव लिहिलं आणि पाकिटाची कड थुंकी लावून चिकटवली.

काकूंचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्रातल्या तिसऱ्या अध्यायाची सुरुवात आपल्या लोकांना तोंडपाठ असते: ‘प्रभूमध्ये आनंद करा.’ कॅलेंडरवर असते, लग्नपत्रिकेवर असते, गृहप्रवेशाला भेट मिळालेल्या फ्रेममध्ये असते. त्याला लागून असलेलं दुसरं वचन कुणी फ्रेम करून भिंतीवर लावलेलं दिसणार नाही. तिथे पौल एकदम करडा होतो. कुत्र्यांपासून सांभाळा, वाईट कामं करणाऱ्यांपासून सांभाळा, असं एका दमात तीनदा बजावतो. हा सांधा इतका अचानक आहे, की इथे दोन वेगळी पत्रं जोडली गेली असावीत असं काही अभ्यासक मानतात. मला तशी गरज वाटत नाही. पहिल्याच वचनाच्या उत्तरार्धात पौल म्हणतो की तेच तेच पुन्हा लिहायचा मला कंटाळा नाही, तुमच्या सुरक्षिततेसाठी ते बरं आहे. म्हणजे आनंदाचा विषय काढतानाच त्याच्या डोक्यात राखण आहे. ज्या घरात काही ठेवण्यासारखं असतं, त्याच घराला कडी लागते.

आणि ज्यांच्याबद्दल तो इतका चिडून बोलतो, ते ख्रिस्ताला नाकारणारे नव्हते. येशूवर विश्वास ठेवलात ना, छानच झालं, आता सुंता करून घ्या म्हणजे काम पुरं होईल, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ख्रिस्त, आणि शिवाय काहीतरी. त्यावर पौल स्वतःचा सगळा बायोडाटा पुढे टाकतो: आठव्या दिवशी सुंता झालेला, बन्यामिनाच्या वंशातला, इब्र्यांतला इब्री, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी, म्हणजे ते काटेकोर पाळणाऱ्या पंथातला. आणि मग हे सगळं केरकचऱ्यात काढतो. असल्या गोष्टींवर उभा राहिलेला माणूस कधी निवांत बसूच शकत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आज आपण पुरे पडलो का, उद्या पडू का, शेजारचा आपल्यापेक्षा जास्त करतोय का, हा हिशोब संपत नाही. ‘शिवाय’ची जागा भरणाऱ्या वस्तू काळाप्रमाणे बदलतात. तेव्हा सुंता होती. आता रक्कम असते, अभिषेकाच्या तेलाची बाटली असते, एकवीस दिवसांची उपवास-प्रार्थना असते. अमुक पास्टरचाच हात डोक्यावर पडला पाहिजे, असंही असतं. यातल्या बऱ्याच गोष्टी मुळात वाईट नाहीत. तेल लावून आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला याकोबाच्या पत्रातच सांगितलं आहे. गडबड होते ती अट घातल्यावर.

खोटी शिकवण ओळखायची कशी, असं विचारलं की लोकांना मोठी धर्मशास्त्रीय यादी अपेक्षित असते. यादीही हवी, पण रोजच्या व्यवहारात त्याहून साधं काम पुढे येतं. दिलेल्या वचनाच्या मागचं आणि पुढचं वाचायचं. मलाखी 3:10 घ्या. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा, मी आकाशाच्या खिडक्या उघडतो की नाही ते पाहा, असं ते वचन. त्याच वचनात भांडार कशासाठी हेही आहे: माझ्या घरात अन्न असावं म्हणून. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात जावं तर तिसऱ्या वर्षाच्या दशांशावर जेवणारे कोण तेही सापडतं: देवळाच्या सेवेतला लेवी, परका, अनाथ, विधवा. मलाखीत पाच वचनं मागे या, 3:5 वर. तिथे देव मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध आणि विधवा-अनाथांना छळणाऱ्यांविरुद्ध साक्षीला उभा राहतो. आता तेच वचन छापलेलं पाकीट पेन्शनवर जगणाऱ्या बाईच्या हातात ठेवून पाहा.

यिर्मया 29:11 ची गत तर याहून वाईट. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, हे वचन मराठी ख्रिस्ती घरांत फ्रिजवरच्या मॅग्नेटपासून मोबाईलच्या कव्हरपर्यंत सगळीकडे आहे. ते बाबेलला धरून नेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या आदल्याच वचनात मुदत दिली आहे: सत्तर वर्षं. म्हणजे ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी बहुतेकांनी परत येणं पाहिलं नसणार. आणखी मागे, आठव्या-नवव्या वचनांत, तुमच्यामधल्या संदेष्ट्यांकडून फसू नका असा स्पष्ट इशारा आहे. कोण होते हे संदेष्टे? आधीच्या अध्यायात एक भेटतो, हनन्या. त्याने दोन वर्षांत सगळं परत मिळेल अशी तारीखच देऊन टाकली होती. यिर्मयाचं पहिलं उत्तर मला फार आवडतं. तो म्हणतो, आमेन, परमेश्वर तसंच करो. त्यालाही दोन वर्षांतच सुटका हवी होती. पण हवंसं वाटणं आणि देवाने सांगितलेलं असणं यांत त्याने गल्लत केली नाही. सत्तर वर्षांच्या हिशोबाने त्याने लोकांना जे करायला सांगितलं तेही वाचण्यासारखं आहे: घरं बांधा, बागा लावा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

आनंदाची भाषा याच पत्रात आहे, हनन्याच्या घोषणेत नाही.

कारच्या मागच्या काचेवर असतं ते फिलिप्पै 4:13, मला सर्व काही करण्यास शक्ती आहे. आधीचं वचन काचेवर मावत नसावं. त्यात पौल भरल्या पोटी कसं राहावं आणि उपाशी कसं राहावं, दोन्ही शिकलोय म्हणतो. मार्क 10:30 मधलं शंभरपट मिळण्याचं आश्वासन ऐकवतात तेव्हा ‘छळणुकीबरोबर’ हा त्यातलाच शब्द गाळतात. सवय लावायची असेल तर साधी आहे. कुणी वचन पाठवलं की दहा वचनं मागे आणि दहा पुढे वाचायची, तीही मोबाईलवरच्या सुट्या चित्रात नको, बायबल उघडून. कोण बोलतंय, कुणाशी, कुठल्या प्रसंगी, आणि या आश्वासनाला मुदत किंवा अट आहे का, एवढं बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे. बिरुया गावातले लोक खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्र उघडून ताडून बघत, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलं आहे. पास्टरला ताडून पाहणं म्हणजे अविश्वास, असं म्हणणाऱ्याला हे दाखवावं.

आता काकूंच्या नातीकडे येऊ, कारण विषयाच्या रेघेवर तिचं नाव होतं, आणि विषय होता तिचा सिकलसेल. विदर्भात सिकलसेल म्हटलं की समजावून सांगावं लागत नाही. एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे आजार असलेला, हे शब्द गावागावांत माहीत आहेत. दोघंही आईबाप एएस असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस असण्याची शक्यता 25 टक्के असते, हेही आशाताईंनी सांगितलेलं असतं. या आजाराचा स्वभाव प्रार्थनेने आजार बरे करणाऱ्या चंगाई सभांच्या फार सोयीचा आहे. दुखणं झटक्यांनी येतं. हाडं, सांधे, छाती असं दुखतं की पोरगं गुरासारखं ओरडतं. सलाईन, वेदनाशामक, ऊब, विश्रांती, आणि मग काही दिवसांत झटका ओसरतो. मधल्या काळात मूल शाळेत जातं, खेळतं. सभेत ‘बरं झालं’ अशी साक्ष कधी होते? याच मधल्या काळात. लोक खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच बरं वाटत असतं. पुढचा झटका येतो तेव्हा माईक समोर नसतो.

रिपोर्ट दाखवणारेही असतात. इथे एक बारकावा माहीत असलेला बरा. सिकलसेलचा पॅटर्न रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीत कळतो, पण त्या आधी रक्त चढवलेलं असेल तर दात्याचं चांगलं हिमोग्लोबिनही त्यात दिसतं, आणि जवळजवळ तीन महिने चित्र फसवं राहू शकतं. सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भरती असताना दोन बाटल्या रक्त चढलं, पुढच्या महिन्यात बाहेर तपासणी केली, आणि कागदावर एसएसचं एएस झाल्यासारखं दिसलं, तर त्या कागदावर हालेलुया म्हणण्याआधी रक्त कधी चढलं ते विचारावं. तापलेल्या मे महिन्यात पाणीही न घेता केलेला कोरडा उपवास तर या मुलांना सरळ झटक्याकडे नेतो. शरीरातलं पाणी कमी झालं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकायला वेळ लागत नाही. हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या ‘विश्वासाने’ बंद करायला सांगणारा माणूस काय करतोय याची त्याला कल्पना असो वा नसो, भोगायचं मुलाला असतं.

प्रार्थना करू नये असा याचा अर्थ कुणी काढेल, म्हणून सांगतो: करावी, आणि बरं झालं तर आनंद करावा. पण येशूने कुष्ठरोग्याला बरं केल्यावर काय करायला सांगितलं? जा, याजकाला दाखव. तेव्हा त्वचा तपासून शुद्ध-अशुद्ध ठरवणारा अधिकृत माणूस याजक होता. ज्याने बरं केलं त्याला तपासणीची भीती नव्हती. आणि पौलाच्या आजूबाजूची माणसं पाहा. तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घे असं लिहिलंय, त्रफिमाला मिलेतात आजारी सोडून यावं लागलं, स्वतःच्या शरीरातला काटा तीनदा विनवूनही गेला नाही. फिलिप्पैकरांची देणगी घेऊन आलेला एपफ्रदीत तर मरणाला टेकला होता. त्याबद्दल पौल म्हणतो की देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, दुःखावर दुःख येऊ नये म्हणून. फिलिप्पैकरांस पत्रातच आनंदाचे शब्द 16 वेळा येतात, आणि हे दुःखाचं वाक्य त्यांच्या मधोमध बसलंय. ‘तुझा विश्वास कमी पडला’ असं एपफ्रदीताला कुणी म्हटल्याचं दिसत नाही. मूल बरं झालं नाही त्या आईला हे वाक्य ऐकवलं जातं, तेव्हा तिचं मूल तर आजारी असतंच, वर तिचा देवही तिच्यापासून काढून घेतला जातो. एखाद्या शिकवणीची पारख करायची असेल तर ज्याची प्रार्थना मनासारखी ऐकली गेली नाही, त्याच्यासाठी तिच्याकडे काय आहे ते बघावं.

पैशाचं सांगायचं तर मंडळ्यांनी यावर फार आधी विचार केलाय. पहिल्या शतकाच्या शेवटाला किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेलं ‘दिदाखे’ नावाचं छोटं पुस्तक 1873 साली कॉन्स्टँटिनोपलला हस्तलिखितात सापडलं. त्यात फिरत्या उपदेशकांसाठीचे नियम आहेत, आणि ते वाचताना हसू येतं इतके व्यवहारी आहेत. पाहुणा एक दिवस राहील, गरज असेल तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकर द्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या भरात ‘मला पैसे द्या’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये, पण दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर त्याला दोष देऊ नये. पौलाने यरुशलेमसाठी वर्गणी जमवली तेव्हा सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली, कुणाला बोट दाखवायला जागा नको म्हणून. आपल्याकडे त्याचं आजचं रूप सोपं आहे. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नाव संस्थेचं येतं की माणसाचं? पावतीवर धर्मादाय नोंदणीचा क्रमांक आहे का? नोंदणीकृत ट्रस्टला महाराष्ट्रात दरवर्षी हिशोब तपासून घ्यावे लागतात. ते वार्षिक सभेत वाचले जातात का? जुन्या मंडळ्यांतल्या हिशोबाच्या सभा कंटाळवाण्या असतात, दोन-दोन तास पंख्याच्या बिलावर भांडण चालतं. त्या भांडणांबद्दल मला आताशा आदर वाटायला लागलाय.

पण दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याकडे सावध लोकांचं दुर्लक्ष होतं. फिलिप्पैकरांस पत्राच्याच पहिल्या अध्यायात पौल अशा उपदेशकांबद्दल लिहितो, जे हेव्याने आणि चढाओढीने बोलतात, तुरुंगातल्या पौलाला आणखी त्रास व्हावा म्हणून. तिथे तो काय म्हणतो? असू द्या, कसंही का होईना, ख्रिस्ताची घोषणा होतेय, यात मला आनंद आहे. एकाच पत्रात एकीकडे एवढा मोकळेपणा, दुसरीकडे कुत्रे म्हणण्याइतका संताप. फरक नीट पाहिला तर कळतो. पहिल्या लोकांचा हेतू वाकडा होता, सांगणं सरळ होतं. दुसऱ्यांचं सांगणंच वाकडं होतं. आपण बरोबर उलट करतो. गोड स्वभावाच्या माणसाने काहीही शिकवलं तरी चालतं, आणि ज्याचा स्वभाव आवडत नाही त्याला खोटा शिक्षक ठरवून मोकळे होतो.

कुठला फरक चालवून घ्यायचा याचा मोठा धडा तर नागपुरातच घडलाय. 29 नोव्हेंबर 1970 ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यांत बिशप मानणारे होते, न मानणारे होते, तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे होते आणि कळत्या वयातच द्यावा म्हणणारे बॅप्टिस्टही होते. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती ठेवल्या. प्राचीन मतांगिकार, म्हणजे उपासनेत म्हटली जाणारी विश्वासाची कबुली, मात्र सगळ्यांनी एक मानला: येशू कोण, आणि तारण कुणाच्या कामाने. त्या वाटाघाटी कित्येक वर्षं चालल्या होत्या. ज्या गोष्टीवर हे लोक भांडून, थकून, शेवटी एका बाकावर बसले, त्याच गोष्टीवरून आज एखादा तरुण यूट्यूब बघून शेजारच्या मंडळीला नरकात पाठवतो.

इफिसच्या मंडळीचं हेच झालं होतं. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात त्यांची पाठ थोपटली आहे, कारण स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांना त्यांनी पारखलं आणि ते लबाड निघाले. आणि लगेच पुढे तक्रार आहे की तुम्ही पहिली प्रीती सोडली. चुका शोधण्याची चटक लागली की माणूस उपासनेला बसतो तोही पेन्सिल घेऊन. गीताची दुसरी ओळ चुकीच्या सिद्धांताची आहे का, पास्टरने आज ‘कृपा’ किती वेळा म्हटलं. त्याचं बरोबर असतं बहुतेकदा. पण त्याच्या घरी जेवायला जावंसं वाटत नाही.

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट इथे आठवते. नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. पुढे 1895 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मध्ये जे झालं ते वाचनाने झालं. डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर त्यांना पुस्तक सोडवेना. ते प्रवचन ‘धन्य’ या शब्दाने सुरू होतं, आठ-नऊ वेळा, आणि सातव्या अध्यायात मेंढरांच्या वेषातल्या लांडग्यांपाशी पोचतं. टिळकांनी धन्यतेचा भाग वाचून पुस्तक मिटलं असतं तर काय झालं असतं, कोण जाणे. त्यांच्या भजनांत मात्र दोन्ही गोष्टी आहेत, आणि चालही आपली आहे. पेटी-तबल्यावर रविवारी तीच तीच भजनं म्हणण्याचा काहींना कंटाळा येतो. पौलाला आला नसता. पुन्हा पुन्हा म्हटलेलं काहीतरी जिभेवर असलं, की बाहेरून आलेलं वेगळं वाक्य कानाला लगेच खटकतं. मतांगिकार दर आठवड्याला का म्हणायचा, याचं इतकं साधं उत्तर मला दुसरं सापडलेलं नाही.

फिलिप्पै पत्र मोठ्याने वाचायला मराठीत वीसेक मिनिटं लागतात. चार अध्याय, 104 वचनं. ते तुकड्यांत न वाचता एकदा घरात सगळ्यांनी बसून वाचावं, कारण ते लिहिलंच गेलं तसं वाचण्यासाठी. फिलिप्पैमध्ये पौलाचं ऐकून विश्वास ठेवलेल्या लुदियेची माणसं, आणि बहुधा तिथला तुरुंगाधिकारीही, ऐकायला बसले असतील. त्याच्या तुरुंगात पौल आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री गात होते तेव्हा भूकंप व्हायचा होता, बेड्या अजून पायांतच होत्या. चौथ्या अध्यायाशी आलं की वाचणाऱ्याने जरा हळू व्हावं. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे चौथं वचन येण्याआधी दुसऱ्या वचनात पौल युवदिया आणि सुंतुखे या दोन बायकांना नाव घेऊन सांगतो की तुम्ही एकचित्त व्हा. सुवार्तेसाठी दोघी त्याच्या खांद्याला खांदा लावून राबलेल्या. भांडण कशावरून होतं हे तो लिहीत नाही. खोट्या शिकवणीवरून नसणार, नाहीतर त्याने वेगळ्या भाषेत घेतलं असतं. पत्र वाचलं गेलं तेव्हा दोघी त्याच खोलीत असतील, बहुतेक लांब लांब बसलेल्या, आणि सगळ्यांच्या माना एकदम वळल्या असतील. मग पुढच्याच क्षणाला वाचणाऱ्याने वाचलं असेल, आनंद करा, पुन्हा म्हणतो, आनंद करा. त्या दोघींचं पुढे जमलं की नाही, ते पत्रात नाही.